उपकाराचे मत, हक्काचे मत



अमेरिकेच्या निवडणुकीची बातमी टीव्हीवर लागली की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास निघतो. तिकडे 'रिपब्लिकन' नावाचा पक्ष आहे. त्याचे चिन्हही हत्ती आहे. गुलामगिरी बंद करणारा अब्राहम लिंकन याच पक्षाचा. मग ज्यांच्या वाडवडिलांच्या पायांत बेड्या होत्या, ते काळे लोक या पक्षाला मत का देत नाहीत? ते तर बहुसंख्येने दुसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. हे कोडे काय आहे?

प्रथम नावाची गफलत दूर करू. आपला रिपब्लिकन पक्ष बाबासाहेबांच्या संकल्पनेतून, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. त्याआधीच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. अमेरिकेतला हत्ती हा १८७४ साली थॉमस नास्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने काढलेल्या चित्रातून रूढ झाला. डेमोक्रॅटिक पक्षाला गाढव चिकटले तेही असेच, थट्टेतून. तेव्हा हे दोन हत्ती एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

पण मूळ प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, पाटी तीच राहिली, दुकानातला माल बदलला. आणि माल बदलला हे ज्या गिऱ्हाइकाने वेळेवर ओळखले, त्याने दुकान बदलले. हे कसे घडले ते आज पाहू.

लिंकनचा पक्ष

अमेरिकेचा रिपब्लिकन पक्ष १८५४ साली जन्माला आला. गुलामगिरी नव्या मुलखांत पसरू द्यायची नाही, या मुद्द्यावर उत्तरेकडची मंडळी एकत्र आली. दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांवर राबायला गुलाम होते. त्या मळेवाल्यांचा आधार म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष. १८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला, दक्षिणेतली राज्ये फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध झाले. त्या वेळी देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६८ साली चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व मिळाले आणि १८७० साली पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला.

या घटनेचे पडसाद आपल्या पुण्यापर्यंत आले होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. त्या वेळी दक्षिणेत खरोखरच नवल घडत होते. काल जे गुलाम होते ते आज विधिमंडळात बसत होते. साउथ कॅरोलिना राज्याच्या कनिष्ठ सभागृहात तर काळ्या सभासदांचे बहुमत झाले. १८७० साली मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हा पहिला काळा गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला. हे सारे रिपब्लिकन पक्षाचे. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून पळालेला थोर पुढारी. रिपब्लिकन पक्ष हे जहाज आहे आणि बाकी सगळा समुद्र, अशा अर्थाचे तो बोलत असे. जहाजातून उतरलात तर बुडालात! त्या काळी ते खोटेही नव्हते.

सौदा झाला आणि मत गेले

मग १८७६ ची निवडणूक आली. निकालाचा वाद झाला. तो मिटवताना १८७७ साली पडद्याआड तडजोड झाली. राष्ट्राध्यक्षपद रिपब्लिकन हेझला मिळाले आणि दक्षिणेत काळ्यांच्या हक्कांना पाठबळ देणारे केंद्राचे लष्कर बराकीत परतले. ज्यांच्या मतांवर पक्ष दक्षिणेत उभा होता, त्यांनाच त्याने वाऱ्यावर सोडले.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक सरकारांनी काळ्यांचे मत काढून घेतले. घटनेत तर लिहिले होते की वर्णावरून मत नाकारता येणार नाही. मग युक्ती काय केली? मत द्यायचे तर आधी डोईपट्टी भरा. ती एक-दोन डॉलर असे, पण वाट्याने शेती करणाऱ्या कर्जबाजारी माणसाला तेवढी रोकड कुठली? दुसरी युक्ती म्हणजे वाचनाची परीक्षा. राज्यघटनेतले एखादे कलम वाचून दाखवा, त्याचा अर्थ सांगा. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार टेबलापलीकडचा गोरा कारकून. शिकलेला काळा मास्तर नापास आणि अंगठेबहाद्दर गोरा पास! लुइझियाना राज्यात १८९६ साली काळ्या मतदारांची संख्या १ लाख ३० हजारांवर होती. १९०४ साली ती १,३४२ उरली.

बंधूंनो, हे आकडे दोनदा वाचा. गोळी न झाडता, घटनेतला एक शब्दही न बदलता, नुसत्या नियम आणि फॉर्मच्या जोरावर लाखावर माणसे यादीतून गेली. जिथे कागदाने भागले नाही तिथे झाडाला लटकवणारा जमाव होताच. १९०१ साली जॉर्ज हेन्री व्हाइट हा काळा सभासद काँग्रेसमधून बाहेर पडला. त्यानंतर पुढची जवळजवळ २८ वर्षे तिथे एकही काळा सभासद नव्हता.

आपले बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि १९१६ पर्यंत तिथे होते. तो हाच काळ. राष्ट्राध्यक्ष होता डेमोक्रॅटिक पक्षाचा वुड्रो विल्सन. १९१२ साली डॉ. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांच्यासारख्या काळ्या विद्वानानेही मोठ्या आशेने त्याला पाठिंबा दिला होता. निवडून आल्यावर त्याच्या सरकारने टपाल आणि तिजोरी खात्यांतल्या काळ्या कारकुनांची टेबले वेगळी केली, जेवणाच्या आणि संडासाच्या जागा वेगळ्या केल्या. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत फोटो लावण्याची सक्ती आली. मी स्वतः कारकून आहे. अर्जावरच्या एका फोटोने किंवा आडनावाने काय होऊ शकते, हे मला कोणी वेगळे समजावून सांगायची गरज नाही. याच दुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती, कारण अस्पृश्यांच्या वतीनेही तसा अर्ज करण्याचा त्यांचा विचार होता. दुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले.

तसबीर भिंतीकडे फिरवा

आता गोष्ट वळण घेते. दक्षिणेतली छळवणूक आणि उपासमार यांना कंटाळून काळी माणसे रेल्वेत बसून उत्तरेला निघाली. शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग, न्यूयॉर्क. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे ६० लाख माणसे उत्तरेत आणि पश्चिमेत गेली. गाव सोडले की निदान गावचा पाटील सुटतो, हे आपल्या मुंबईच्या चाळींतून राहिलेल्या माणसांना ठाऊक आहे. पण तिथे आणखी एक गोष्ट मिळाली. उत्तरेत मत देता येत होते! दक्षिणेत हिरावलेले मत शिकागोच्या वस्तीत परत हाताला लागले.

हे मत सुरुवातीला सवयीने रिपब्लिकनांनाच जाई. घराघरांत लिंकनची तसबीर होती ना! १९२९ साली महामंदी आली. गिरण्या-कारखाने बंद पडले. काळा माणूस कामावरून सर्वांत आधी निघाला. तरीही १९३२ साली बहुसंख्य काळ्यांनी रिपब्लिकन हूवरलाच मत दिले. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या 'कुरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हान यांनी एका सभेत सांगितले की, घरी जा आणि लिंकनची तसबीर भिंतीकडे फिरवून ठेवा, ते कर्ज आता पुरते फिटले आहे.

लिंकनचा अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता. लिंकन मोठाच. पण त्याच्या नावावर दुकान चालवणाऱ्यांना साठ-सत्तर वर्षे मते देऊन काय मिळाले, हा त्यांचा प्रश्न होता. ज्याने मुक्त केले त्याचे ऋण मनात राहू द्या. मतपेटीत मात्र आजचा हिशोब पडला पाहिजे.

चार वर्षांत चित्र पालटले. डेमोक्रॅटिक रूझवेल्टच्या सरकारने बेकारांना कामे काढली. त्यांत दुजाभाव भरपूर होता. १९३५ च्या पेन्शनच्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुतेक काळे हीच कामे करत होते. तरीही उत्तरेच्या शहरांत काळ्याच्या घरात काही तरी रोजगार पोचला. १९३६ साली सुमारे ७१ टक्के काळ्या मतदारांनी रूझवेल्टला मत दिले. एका निवडणुकीच्या अंतराने एवढा मोठा समाज इकडून तिकडे गेला.

आता डेमोक्रॅटिक पक्षाची मोट बघा कशी बांधली होती! उत्तरेतले युनियनवाले गोरे कामगार, परदेशांतून आलेले कॅथलिक आणि ज्यू, शहरांतले काळे, आणि त्यांच्याच शेजारी दक्षिणेतले वर्णवर्चस्ववादी गोरे. शेळी आणि लांडगा एकाच गोठ्यात. हे किती दिवस चालणार?

मत नुसते देऊन भागत नाही

गोठ्यातला समतोल आपोआप बदलला नाही. ए. फिलिप रॅन्डॉल्फ हे रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत काम करणाऱ्या काळ्या हमाल-नोकरांच्या युनियनचे पुढारी. प्रवाशांच्या बॅगा उचलणाऱ्या, बिछाने घालणाऱ्या माणसांची ती संघटना. १९४१ साली त्यांनी रूझवेल्टला बजावले की, युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम द्या, नाही तर राजधानीवर लाखाचा मोर्चा आणतो. मोर्चा निघण्याआधीच भेदभावबंदीचा हुकूम निघाला. १९४८ साली ट्रूमनने सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी पक्षाच्या नागरी हक्कांच्या धोरणावर रागावून दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी स्वतःचा वेगळा उमेदवार स्ट्रॉम थर्मंड उभा केला आणि चार राज्ये घेतली. तरी ट्रूमन जिंकला. इलिनॉय, ओहायोसारख्या अटीतटीच्या राज्यांत काळ्यांची मते कामी आली होती.

लक्षात घ्या, त्या काळात दोन्ही पक्षांना काळ्यांच्या दाराशी यावे लागे. १९६० साली निक्सनलाही त्यांची जवळजवळ एकतृतीयांश मते मिळाली. त्या निवडणुकीच्या तोंडावर मार्टिन ल्युथर किंग तुरुंगात होते. केनेडीने त्यांच्या पत्नीला फोन करून धीर दिला. निक्सन गप्प राहिला. केनेडी देशभरात सव्वा लाखाहूनही कमी मतांनी पुढे राहिला!

आता आमच्या माता-भगिनींनी ऐकावी अशी एक हकिकत. मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाची बाई होती. आईबापाच्या वीस लेकरांतली शेवटची. लहानपणापासून कापूस वेचणारी. काळ्या माणसालाही मताचा हक्क असतो, हे तिला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. १९६२ साली ती नाव नोंदवायला गेली. मळ्याच्या मालकाने सांगितले, अर्ज मागे घे, नाही तर चालती हो. अठरा वर्षांचे घर तिने त्या रात्री सोडले. १९६३ साली तुरुंगात तिला बेदम मारले. पण बाई हटली नाही. मिसिसिपीच्या डेमोक्रॅटिक पक्षात काळ्यांना थाराच नव्हता, म्हणून तिने आणि तिच्या साथीदारांनी वेगळा 'फ्रीडम डेमोक्रॅटिक' पक्ष काढला आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन खऱ्या प्रतिनिधी आम्हीच, असा दावा मांडला. तिची साक्ष टीव्हीवर सुरू झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने घाईने पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे आपल्याकडे वळवले. अखेर दोन जागांचा तुकडा पुढे केला गेला. हेमरबाई आणि त्यांच्या लोकांनी तो नाकारला. १९६८ च्या अधिवेशनात मात्र मिसिसिपीच्या प्रतिनिधींत काळे-गोरे दोन्ही होते आणि हेमरबाईही होत्या.

मतपत्रिकेवरचा पँथर

१९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. गंमत पाहा, टक्केवारीने मोजले तर या कायद्याला डेमोक्रॅटिक सभासदांपेक्षा रिपब्लिकन सभासदांनी जास्त पाठिंबा दिला, कारण डेमोक्रॅटिक पक्षातले दक्षिणेचे लोक विरोधात होते. पण त्याच वर्षी रिपब्लिकनांनी या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या गोल्डवॉटरला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. तिथे काटा फिरला. तो देशभर आपटला, पण स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्याने दक्षिणेतलीच पाच राज्ये जिंकली. काळ्यांची शंभरातली नव्वदहून अधिक मते जॉन्सनला गेली. स्ट्रॉम थर्मंड त्याच साली रिपब्लिकन झाला.

१९६५ साली सेल्मा गावात मोर्चावर लाठ्या चालल्या आणि त्यानंतर मतदान हक्क कायदा झाला. वाचनाच्या परीक्षा गेल्या, केंद्राचे नोंदणी अधिकारी आले. मिसिसिपीत नाव नोंदवलेले काळे शंभरात सातही नव्हते, ते दोन-तीन वर्षांत साठाच्या घरात गेले.

इथे आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ॲलाबामा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा होती आणि तिच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाचे घोषवाक्य छापलेले असे. तिथल्या लाउंड्स जिल्ह्यात काळे मोठ्या बहुमतात, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांचे एकही नाव नव्हते. त्यांनी आपला वेगळा पक्ष काढला आणि मतपत्रिकेसाठी निशाणी घेतली काळ्या पँथरची. हीच निशाणी १९६६ साली ऑकलंडच्या तरुणांनी उचलली आणि ब्लॅक पँथर पक्ष झाला. त्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे ज्या पँथरची डरकाळी आपण रस्त्यावर ऐकली, तो मुळात मतपत्रिकेवर बसलेला होता.

नवी मोट, जुना धोका

पुढचे थोडक्यात सांगतो. दक्षिणेतला नाराज गोरा मतदार रिपब्लिकनांनी हळूहळू आपल्याकडे ओढला. निक्सनने, मग १९८० साली रीगनने. 'राज्यांचे हक्क' असा सभ्य शब्द वापरायचा, ऐकणाऱ्याने काय ते समजावे! १९९४ पर्यंत दक्षिणेतल्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांच्या झाल्या. १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत गोऱ्यांची निम्मी मते मिळालेली नाहीत. उत्तरेतले कारखाने बंद पडले, युनियन खचल्या, तसा गोरा कामगारही तिकडे सरकला. कॉलेज शिकलेला उपनगरातला गोरा इकडे आला. लिंकनचा पक्ष दक्षिणेचा झाला आणि मळेवाल्यांचा पक्ष काळ्यांचा आधार झाला. पाट्या मात्र त्याच!

पण नव्या घरातही जुना धोका आहे. एका पक्षाला वाटते, हे जाणार कुठे? दुसऱ्याला वाटते, हे येणार कशाला? मग दाराशी कोणीच येत नाही. १९९६ साली गरीब मायलेकरांची सरकारी मदत आखडणारा कायदा झाला. काळ्या सभासदांपैकी बहुतेकांनी विरोध केला, तरी डेमोक्रॅटिक क्लिंटनने त्यावर सही केली. उलट २०२० साली साउथ कॅरोलिनात काय झाले पाहा. बायडन मागे पडले होते. तिथल्या काळ्या मतदारांपुढे त्यांनी शब्द दिला की सर्वोच्च न्यायालयावर काळी स्त्री नेमीन. त्या मतदारांनी त्यांना वर काढले आणि २०२२ साली केटांजी ब्राउन जॅक्सन न्यायमूर्ती झाल्या. मागून, बोलून, लिहवून घेतले तर मिळते.

२०२४ साली डेमोक्रॅटिक कमला हॅरिस हरल्या आणि ट्रम्प पुन्हा निवडून आले. बहुसंख्य काळे हॅरिस यांच्याबरोबरच राहिले, पण काळ्या पुरुषांतला काही भाग आणि लॅटिन वंशाच्या मतदारांतला मोठा भाग ट्रम्पकडे वळला. महागाईने पिचलेल्या माणसाला जुन्या आठवणी किती दिवस पुरणार? मोट पुन्हा सुटते आहे.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या आंबेडकरी बांधवांनाही हा अनुभव आला. २०२३ साली सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या, पण दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरच्या समाजवादी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसेच विधेयक मंजूर केले, तेव्हा डेमोक्रॅटिक गव्हर्नरने ते नाकारले. समतेचे नाव घेणारा पक्षसुद्धा कोणाचा दबाव जास्त, हे बघून सही करतो.

या साऱ्यातून आपण काय घ्यायचे? महापुरुषाची तसबीर घरात असावी, रोज तिच्यासमोर हात जोडावेत. पण ती तसबीर दाखवून कोणी मत मागायला आला, तर त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे, मागच्या पाच वर्षांत आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे, आमच्या नोकऱ्यांचे, आमच्या वस्तीचे काय केलेत? उत्तर देणाऱ्याच्या पाटीवर काय लिहिले आहे ते नंतर पाहू.

आणि त्याआधीचे काम म्हणजे मतदारयादी. लुइझियानातल्या लाखावर माणसांचे मत कागदावरच गेले होते. यादी आली की आपले, म्हाताऱ्या आई-वडिलांचे, नव्याने अठरा पूर्ण केलेल्या मुलीचे आणि सासरी आलेल्या सुनेचे नाव आहे की नाही, ते पाहा. नसेल तर फॉर्म भरा. फॉर्म भरता येत नसेल, तर विहारात एखादा शिकलेला तरुण रविवारी दोन तास बसवा. हेमरबाईंनी एका नोंदणीपायी घर सोडले. आपल्याला तर रांगेत फक्त उभे राहायचे आहे.

जयभीम! जय भारत!